वर्गाच्या ऑनलाइन चर्चेचा सूत्रधार: आठवडाभराचं काम, पायरी पायरीने

वर्गाच्या ऑनलाइन चर्चेत बहुतेक वेळा चर्चा होतच नाही. सर किंवा बाई प्रश्न टाकतात, मुलं एकेक उत्तर टाकून मोकळी होतात, आणि ती सगळी उत्तरं एकाच साच्यातली निघतात. खाली ‘सहमत’, ‘अग्री’, ‘एकदम साचुं’ अशी रांग लागते. याला मुलांचा आळस कारणीभूत आहे असं मला वाटत नाही. प्रत्येक जण बाईंसाठी लिहीत असतो. शेजारच्या बाकावरच्याने काय लिहिलंय ते वाचायचं कारणच त्याला कुणी दिलेलं नसतं. हीच चर्चा वर्गातल्या दोघा-तिघांच्या हाती सोपवली, की लिहिणाऱ्याचं तोंड बाईंकडून वर्गाकडे वळतं. मी बडोद्यात शिकवते आणि हा बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे. तो आपोआप मात्र होत नाही. सूत्रधार विद्यार्थ्याने काय करायचं ते त्याला नीट सांगावं लागतं, म्हणून हा लेख त्याच्यासाठी. शिक्षकांनीही वाचावा.

सूत्रधार म्हणून वर्गातला सर्वांत हुशार मुलगा निवडायची पद्धत आहे. तो प्रत्येक शंकेला उत्तर देत सुटतो, आणि उत्तर मिळालं की पुढे कुणी लिहीत नाही. सूत्रधाराचं मुख्य काम वाचण्याचं आहे: सगळ्यांचं सगळं वाचायचं, आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याच्या नजरेला आणून द्यायचं. कॅनडातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघा अभ्यासकांनी २००० साली ऑनलाइन शिक्षणावर जी मांडणी केली, तीत शिकवणं हे एका माणसाचं पद न मानता वर्गातल्या अनेकांनी वाटून घ्यायचं काम मानलं आहे. पुढच्या वर्षी त्यांनी अशा चर्चांमधले संदेश तपासले, तेव्हा बरेचसे मतं आणि माहिती मांडण्याच्या पायरीवरच राहिलेले आढळले. दोन मतं जोडून तिसऱ्या ठिकाणी पोचणारे थोडे होते. सूत्रधाराची गरज आहे ती नेमकी या मधल्या जागी.

संघ आणि शिक्षकांशी बोलणी

एकट्याने हे काम घेऊ नका. तिघं असणं सर्वांत बरं: एक जण सुरुवात करून देणारा, एक आठवड्याचे मधले दिवस सांभाळणारा, एक शेवटी गोषवारा लिहिणारा. मधल्याचं काम सर्वांत अवघड, तेव्हा तुमच्यातला सर्वांत धीराचा माणूस तिथे ठेवा. बडोद्याच्या वर्गांत मराठी, गुजराती, हिंदी, सिंधी अशी सगळ्या घरांतली मुलं असतात. तिघंही दांडिया बाजार-रावपुऱ्यातली मराठी घरांतली असतील, तर अर्ध्या वर्गाला ही ‘त्यांची’ चर्चा वाटते. शक्य असेल तर एक तरी सूत्रधार पादरा, डभोई किंवा आणंदहून अपडाउन करणारा असावा. कुठल्या वेळी नेटवर्क मिळतं आणि घरी पोचल्यावर लिहायला किती ताकद उरते, हे त्याला ठाऊक असतं.

शिक्षकांकडून चार गोष्टी आधी लिहून घ्या. गुण कशाला मिळणार. शिक्षक चर्चेत कधी बोलणार आणि कधी गप्प राहणार. एखादा मजकूर काढायची वेळ आली तर तो कोण काढणार. आणि आठवड्याच्या शेवटी हाती काय आलं पाहिजे. दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शिक्षकांनी सोमवारीच ‘छान मुद्दा’ असं लिहिलं, की वर्ग पुन्हा त्यांच्यासाठी लिहू लागतो. बुधवारपर्यंत त्यांनी वाचावं पण लिहू नये, असं विनंती करून ठरवून घ्या. शिक्षक रागावत नाहीत. उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं.

जागा

सोय म्हणून सगळे व्हॉट्सॲपच्या ग्रुपकडे वळतात. तिथे दोन अडचणी आहेत. एक तर प्रत्येकीचा नंबर साऱ्या वर्गाला दिसतो, आणि काही मुली याच कारणाने गप्प राहतात. दुसरं म्हणजे संदेश वाहून जातात. सकाळी मांडलेला मुद्दा संध्याकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. आठवण करून देण्यापुरता तो ग्रुप ठेवा, चर्चा दुसरीकडे करा.

गुगल क्लासरूममध्ये शिक्षकांना ‘प्रश्न’ हा प्रकार टाकता येतो. तो टाकताना विद्यार्थी एकमेकांना उत्तर देऊ शकतील अशी मुभा ठेवायची. म्हणजे आपलं उत्तर दिल्यानंतर इतरांची उत्तरं दिसतात, आणि पहिल्याची नक्कल करून पाठवणं आपोआप कमी होतं. प्रश्न शिक्षकांच्या खात्यावरून जात असला तरी मजकूर तुम्ही लिहून द्या आणि खाली सूत्रधारांची नावं घाला. कॉलेजात मूडल ही ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली असेल, तर त्यातही आधी लिहा मग इतरांचं वाचा अशा प्रकारचा चर्चाकक्ष शिक्षकांना उघडता येतो. दोन्ही नसेल तर सर्वांना लिहिता येईल असा एक साधा सामायिक दस्तऐवजही चालतो. फक्त प्रत्येकाने मजकुराखाली नाव घालायचं.

प्रश्न

इथे घाई करू नका. आठवडा कसा जाणार ते बऱ्याच अंशी प्रश्नावर ठरतं.

आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा इतिहासाच्या वर्गात विषय आला आहे सयाजीराव महाराजांच्या शिक्षणकार्याचा. पहिल्या झटक्यात सुचणारा प्रश्न असा असतो: ‘महाराजा सयाजीराव तिसरे यांच्या शैक्षणिक कार्यावर आपले विचार मांडा.’ यावर सगळे तेच लिहितील. १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण, १९१० पासून ग्रंथालयांची चळवळ, महाराज थोर होते. सगळं खरं आहे, पण त्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. शिवाय एआयला सांगितलं तर तेही हेच लिहून देईल, आणि वर्गातली निम्मी मुलं तेच करतील.

आता याच माहितीतली जी बाजू खुपते ती शोधा. शिक्षण सक्तीचं होतं, म्हणजे मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. दंड कुणाला बसला असेल? ज्याच्या घरी शेतावर, गुरांमागे, मागावर मुलाचे हात लागत होते त्याला. इथे भल्या माणसांचीही दोन मतं होऊ शकतात. मग प्रश्न असा लिहा:

‘१९०६ साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. ज्या घराची शेती मुलाच्या हातांशिवाय होत नव्हती, त्या घराला दंड करणं योग्य होतं का? एक बाजू घ्या. तुमचं सर्वांत मोठं कारण लिहा. आणि समोरच्या बाजूचं जे कारण तुम्हाला खोडता येत नाही, तेही लिहा.’

शेवटच्या वाक्यात सगळी ताकद आहे. समोरच्याचं न खोडता येणारं कारण लिहायला लावलं, की ‘सहमत’ म्हणून सुटका होत नाही आणि पहिल्या दिवसापासून भांडणाचे दोन तंबूही पडत नाहीत. प्रत्येकाच्या लिखाणातच एक दार उघडं राहतं, आणि मधल्या दिवसांत सूत्रधाराला त्याच दारातून आत जाता येतं.

याला घरचा एक धागा जोडता आला तर फारच चांगलं. ‘घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा: त्यांच्या घराण्यात शाळेची पायरी पहिल्यांदा कुणी चढली, आणि कुणाला चढता आली नाही?’ हे इंटरनेटवर सापडत नाही. बडोद्यात अजूनही अशा आज्या आहेत ज्यांच्या आई-मावशांना शाळेतून घरकामासाठी काढून आणलं होतं. तो तपशील वर्गात आला की १९०६ हे साल पुस्तकातून बाहेर येतं. हा भाग ऐच्छिकच ठेवा. कुणाच्या घराण्यात शाळा फार उशिरा पोचली आणि का, हे सांगायची सक्ती कुणावर व्हायला नको.

प्रश्न पाठवण्याआधी एक चाचणी करा. तिघांनी वेगवेगळं बसून पाच मिनिटांत आपापलं उत्तर लिहायचं. तिघांचं सारखंच आलं तर प्रश्न बदला. कुणालाच काही लिहिता आलं नाही, तरी बदला. आणि सोबत एक पानाहून जास्त वाचायला देऊ नका. पान छोटं असेल तरच सगळे वाचतात.

तारखा आणि नियम

चर्चा सोमवार ते रविवार ठेवा, पण मुदती दोन द्या. स्वतःचं पहिलं लिखाण मंगळवारी रात्रीपर्यंत, दुसऱ्यांच्या लिखाणावर दोन प्रतिसाद शुक्रवारी रात्रीपर्यंत. एकच मुदत दिली तर सगळा वर्ग रविवारी रात्री अकरानंतर लिहितो, आणि त्या वेळी उत्तर द्यायला कुणीच जागं नसतं. नवरात्राच्या नऊ रात्री बडोद्यात कुणाकडून काही लिहून होणार नाही. गरब्याहून पहाटे परतलेल्या मुलांना प्रतिसाद मागण्यात अर्थ नाही. उत्तरायणाचे दोन दिवस आणि विसर्जनाचा आठवडाही सोडा.

नियम मोजकेच: पहिलं लिखाण शंभर-दीडशे शब्दांचं. प्रतिसादात समोरच्याचं नाव आणि त्याचं एक वाक्य उद्धृत केलेलं असलं पाहिजे. टीका मुद्द्यावर. वर्गातलं वर्गात, स्क्रीनशॉट बाहेर जाणार नाही.

भाषेचा नियम आपल्याकडे वेगळा विचार करून ठरवावा लागतो. पुस्तकं इंग्रजीत, मुलं विचार करतात मराठीत किंवा गुजरातीत, आणि टाइप करतात रोमन अक्षरांत. फक्त इंग्रजीत लिहा म्हटलं की निम्मा वर्ग पाठ केलेली वाक्यं लिहितो. माझा सल्ला असा: ज्याला ज्या भाषेत, ज्या लिपीत नीट सांगता येईल त्यात लिहू दे. मात्र सुरुवातीला आपला मुद्दा एका ओळीत सर्वांना कळेल अशा भाषेत लिहायचा. बडोद्यातल्या मराठी मुलांना गुजराती वाचायला अडचण नसते. गुजराती मुलांनाही देवनागरी येते, फक्त मराठी वाक्यात कधी अडतं. अशा ठिकाणी सूत्रधाराने दोन ओळींत अर्थ सांगावा. आणि लक्षात ठेवा, इंग्रजी किंवा गुजराती माध्यमातून आलेल्या मराठी मुलांना मराठी बोलता येतं, पण टाइप करायला वेळ लागतो. त्यांच्या चुका दाखवू नका.

सोमवार-मंगळवार

प्रश्न गेला आणि काहीच आलं नाही, तर घाबरून दुसरा प्रश्न टाकायचा मोह होतो. तो टाळा. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात असं आढळलं. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरं लांबली, नेमकी झाली, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. लेखी चर्चेत ही तीन सेकंदं म्हणजे एक रात्र. सोमवारी संध्याकाळपर्यंत एकही उत्तर नसलं तरी काही बिघडलेलं नाही.

आधी करण्यासारखं एक काम आहे. सोमवारी सकाळी वर्गातल्या दोघांना सांगून ठेवा की तुम्ही पहिल्यांदा लिहा. भाषण चांगलं करणाऱ्यांना नको, साधं लिहिणाऱ्यांना सांगा. पहिलं उत्तर फार सुबक असलं तर बाकीच्यांची हिंमत खचते. पहिल्याने ‘मला दंड योग्य वाटतो पण माझ्या आजोबांचं ऐकल्यावर तितकी खात्री राहिली नाही’ असं लिहिलं, की बाकीच्यांनाही खात्री नसताना लिहायची परवानगी मिळते.

या दोन दिवसांत सूत्रधारांनी स्वतःचं मत लिहू नये. तुम्ही बाजू घेतली की विरुद्ध बाजूची मुलं तुमच्याशी बोलू लागतात, एकमेकांशी बोलायचं राहून जातं.

मधले दिवस

बुधवारी सकाळी एक वही घेऊन बसा. आलेलं सगळं वाचा आणि प्रत्येकासमोर एक ओळ लिहा: हा काय म्हणतोय, कशाच्या आधारावर, आणि तो काय सोडून गेला. या वहीशिवाय पुढचं काम नीट होत नाही. साठ जणांचा वर्ग असेल तर तिघांनी वाटून वाचा आणि फोनवर अर्धा तास बोला.

मग लिहायला घ्या, पण प्रत्येकाला उत्तर देऊ नका. पाच-सहा लिखाणांमागे एक प्रतिसाद पुरे. प्रत्येक पोस्टखाली ‘खूप छान’ लिहिणारा सूत्रधार बाईंचीच जागा घेतो. तुमच्या प्रतिसादाने काहीतरी हललं पाहिजे. कुणी मोघम लिहिलं असेल, तर उदाहरण मागा: ‘तू म्हणतोस गरीब पालकांवर अन्याय झाला. कुठल्या कामात मूल नसल्याने घर अडलं असतं? एक काम सांग.’ कुणी फार ठाम लिहिलं असेल, तर त्याने स्वतःच लिहिलेल्या न खोडता येणाऱ्या कारणाकडे त्याला परत न्या: ‘तूच लिहिलंस की दंडाशिवाय मुली शाळेत गेल्याच नसत्या. मग ‘दंड चूकच’ हे कसं जुळतं?’ वर्गमित्राला विचारताय, तेव्हा ‘तू’ म्हणूनच विचारा. चर्चेत शिरल्यावर अचानक ‘आपण’ आणि ‘आपले विचार’ सुरू झाले की मुलं परीक्षेच्या सुरात जातात.

सर्वांत मोलाचा प्रतिसाद दोघांना जोडणारा असतो. ‘हिने असं लिहिलंय, त्याने तसं, तुम्ही दोघं एकमेकांचं वाचलंत का?’ एवढ्याने भागत नाही. दोघांमध्ये नेमका कुठे फरक आहे ते तुम्ही बोट ठेवून दाखवायचं. बुधवारी रात्री सूत्रधारांनी एक जोडणारी पोस्ट टाकावी. नमुना देते, तुम्ही लिहाल तेव्हा मित्रांची नावं घ्या:

‘काल रात्रीपर्यंतचं सगळं वाचलं. हो म्हणणारे आणि नाही म्हणणारे असे दोन गट दिसतात, पण आम्हाला खरा फरक वेगळाच वाटतो. दंड हवा म्हणणाऱ्यांनी मुलाकडून विचार केलाय, नको म्हणणाऱ्यांनी घराकडून. पादऱ्याहून येणाऱ्या आपल्या मैत्रिणीने लिहिलंय की तिच्या पणजोबांना कापणीच्या दिवसांत शाळेतून उठवून आणायचे. मग कापणीच्या महिन्यात शाळाच बंद ठेवल्या असत्या तर दंडाची गरज उरली असती का? आणखी एक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे, पण मूल शाळेत नसलं तर पालकाला दंड नाही. जबाबदारी मुख्यतः सरकारवर टाकली आहे. १९०६ आणि २००९ मध्ये हे ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर का गेलं असेल?’

या पोस्टमध्ये काय केलंय ते पाहा. वाचल्याची खूण दिली. दोन बाजूंखालचा खरा फरक दाखवला. एकीच्या घरचा तपशील मध्यभागी आणला. आणि पुढे जायला एक नवी गोष्ट दिली, जिच्यामुळे दोन्ही गटांना पुन्हा विचार करावा लागतो. नवी गोष्ट एकच द्या. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि १९१२ मध्ये ते फेटाळलं गेलं, हेही याच विषयातलं आहे आणि सांगायचा मोह होईल. ते शुक्रवारसाठी राखून ठेवा. ‘बडोद्यात जे आधीच चालू होतं ते ब्रिटिश हिंदुस्थानात नको असं म्हणणाऱ्यांची कारणं काय असतील?’ असा प्रश्न तेव्हा शेवटच्या टप्प्याला ऊब देतो.

गप्प राहणाऱ्यांकडे याच दिवसांत लक्ष द्या. सर्वांसमोर ‘तू अजून लिहिलं नाहीस’ असं कधी लिहू नका. खासगीत विचारा, आणि प्रश्न छोटा विचारा: ‘तुझ्या आजीला विचारलंस का? तिने काय सांगितलं ते दोन ओळीत टाक ना.’ कुणाकडे डेटा संपलेला असतो, कुणाचा फोन घरात सगळ्यांचा मिळून एक असतो, कुणाला वाटतं आपलं इंग्रजी हसण्यासारखं आहे. कारण कळलं की मार्ग निघतो. टाइप होत नसेल तर त्याने आवाजात बोलून पाठवावं आणि सूत्रधाराने ते उतरवून त्याच्या नावाने टाकावं, त्याला दाखवून.

एखादा मुलगा सतत लिहीत असेल, तर त्यालाही खासगीतच सांगा. त्याला गप्प बसवण्यापेक्षा काम द्या: ‘आता दिवसभर लिहू नकोस, संध्याकाळी सांग की कुणाच्या मुद्द्याने तुझं मत थोडं हललं.’

तापलेला धागा

आपल्या उदाहरणात हा प्रसंग हटकून येतो. कुणीतरी लिहितं: ‘शाळा सर्वांसाठी होत्या म्हणताय, पण याच बडोद्यात १९१७ साली डॉ. आंबेडकरांना राहायला घर मिळालं नाही.’ हे खरं आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, आणि जातीमुळे त्यांना शहरात निवारा मिळाला नाही, म्हणून शहर सोडावं लागलं. खाली लगेच उत्तर येतं: ‘प्रत्येक गोष्टीत जात का आणायची?’ मग तिसरा, चौथा, आणि आवाज चढू लागतात.

इथे ‘विषयाला धरून बोला’ असं लिहून धागा बंद करणं सर्वांत सोपं आणि सर्वांत चुकीचं आहे. मुद्दा विषयाचाच आहे. कायद्याने शाळा उघडली तरी समाजाने घर उघडलं नाही; कायदा किती दूर पोचतो हाच तर आपला प्रश्न होता. सूत्रधाराने लिहावं: ‘१९१७ चा प्रसंग आपल्या प्रश्नाला थेट लागू आहे. दंड लावून मूल शाळेत आणता येतं. पण शेजारच्याला घर भाड्याने द्यायला कायदा लावता येतो का? जात यात नको असं ज्याने लिहिलं, त्याने कृपया हे सांगावं की मग घर न मिळण्याचं कारण तो काय मानतो.’ शांत शब्दांत, पण मुद्दा न सोडता.

मतभेद आणि अपमान यांतली रेघ आधी मनाशी पक्की करा. कायद्याबद्दल, महाराजांबद्दल, आजच्या आरक्षणाबद्दल कडक मत चालेल. वर्गातल्या कुणाच्या जातीवर, धर्मावर, आडनावावर, गावावर, कपड्यांवर बोट गेलं की रेघ ओलांडली. तेव्हा क्रम असा: लिहिणाऱ्याला लगेच खासगीत फोन, मजकूर त्यानेच काढावा अशी विनंती. ज्याच्याबद्दल लिहिलं गेलं, त्याला वेगळा फोन. हा फोन लोक विसरतात आणि तोच जास्त गरजेचा असतो. ऐकलं गेलं नाही तर शिक्षकांना त्याच दिवशी कळवा, मजकुराची नोंद त्यांच्याकडे द्या आणि काढण्याचं काम त्यांच्यावर सोडा. जातीय किंवा धार्मिक शिवीगाळ, धमकी, कुणाचा फोटो असं काही असेल, तर वाट न पाहता थेट शिक्षक. तुम्ही विद्यार्थी आहात. हे ओझं तुम्ही वाहायचं नाही.

मीटवर एक तास घ्यायचा असेल तर

शुक्रवारी किंवा शनिवारी, आणि लेखी चर्चा झाल्यावरच. फुकटच्या गुगल मीटवर तीन किंवा जास्त माणसांची बैठक साठ मिनिटांत संपते, झूमवर चाळीसमध्ये. तेव्हा वेळ आधीच वाटून घ्या. एक जण बोलणाऱ्यांचा क्रम सांभाळेल, एक जण चॅट वाचेल आणि तिथे लिहिलेलं नाव घेऊन मोठ्याने सांगेल, एक जण टिपणं घेईल. कॅमेऱ्याची सक्ती नको; घरात खोली एकच असते. बोलायला सुरुवात वहीतल्या एखाद्या न सुटलेल्या फरकावरून करा.

गोषवारा

रविवारी तिसऱ्या सूत्रधाराने तीनशे शब्दांत लिहायचं. तीन गोष्टी हव्यात: वर्ग कुठे एकत्र आला, कुठे मतभेद तसाच राहिला आणि नेमका कशावरून, आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. प्रत्येक मुद्द्यासोबत तो मांडणाऱ्याचं नाव घाला. ‘सर्वांनी उत्साहाने भाग घेतला’ हे वाक्य लिहू नका.

सगळी चर्चा एआयला देऊन गोषवारा काढणं मला पटत नाही. तसा गोषवारा गुळगुळीत असतो. एकट्याने मांडलेला वेगळा मुद्दा त्यात बहुधा गळून पडतो, आणि पादऱ्याच्या पणजोबांची कापणी ‘काही सहभागींनी कौटुंबिक अनुभव सांगितले’ अशी होऊन जाते. शिवाय वर्गमित्रांनी घरचं जे सांगितलं ते बाहेरच्या यंत्रात टाकण्याआधी त्यांना विचारायला हवं. वही तुमच्याकडे आहेच; तिच्यावरून लिहा.

कच्चा गोषवारा ज्यांची नावं आली आहेत त्यांना दाखवा. ‘मी असं म्हटलं नव्हतं’ असं कुणी म्हणालं तर दुरुस्त करा. मग शिक्षकांकडे द्या. सनावळीच्या आणि तथ्यांच्या चुका त्यांनी या वेळी सर्वांसमोर दुरुस्त करायच्या. गुण देताना शिक्षकांनी संदेशांची संख्या मोजू नये. कुणाच्या लिखाणावर इतरांनी पुढे बांधकाम केलं, कुणी आपलं मत बदललं आणि का ते सांगितलं, याकडे पाहावं. सूत्रधारांना वहीबद्दल आणि गोषवाऱ्याबद्दल वेगळे गुण असावेत.

पुढच्या संघाला

सोमवारी पुढचे तिघं काम हाती घेतात. त्यांना एक पानाचं टिपण द्या: कुठल्या प्रश्नावर वर्ग बोलला आणि कुठल्यावर नाही, कुणाला खासगीत विचारावं लागलं आणि कुठल्या वेळी विचारलेलं चाललं, अपडाउन करणाऱ्यांची उत्तरं साधारण कधी येतात, कुणाकडे गुजराती-मराठी दोन्हींत पटकन अर्थ सांगायची हातोटी आहे. कुणी खासगीत सांगितलेली घरची अडचण त्या टिपणात लिहू नका. ती त्या मुलाला किंवा मुलीला विचारून, तोंडीच सांगा, आणि तीही गरज असेल तरच.